चार्टर शाळेची नवी इमारत : मैदानाच्या आधी भाडेकरार विचारा

"जिम कुठे आहे?" नव्या इमारतीचा नकाशा पडद्यावर आला आणि पहिला प्रश्न हाच आला.

न्यू जर्सीतली आमच्या मुलीची चार्टर शाळा. नाव लिहीत नाही. कित्येक वर्षं ती एका चर्चच्या भाड्याच्या खोल्यांत भरायची. मग एक रिकामं पडलेलं दुमजली ऑफिस मिळालं आणि शाळेने आम्हा पालकांना बोलावून नकाशा दाखवला. खालच्या मजल्यावर एकच मोठी खोली होती, तिच्यावर लिहिलेलं 'बहुउद्देशीय'. म्हणजे जेवण तिथेच, संमेलन तिथेच, पावसाळी दिवशी पीटीही तिथेच. इमारतीच्या मागे तुटक रेषांनी एक चौकोन काढला होता : 'जिम, फेज २'. माझ्या शेजारी बसलेल्या एका बाबांनी फोनवर नकाशा मोठा करून मला दाखवला. मैदान म्हणून जो भाग हिरवा रंगवला होता, त्या हिरव्याखाली पार्किंगच्या आखलेल्या पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या.

त्या संध्याकाळी दीड तास मैदान, जिम, डबे गरम करायची सोय आणि गाड्यांची रांग यांवर बोलणं झालं. भाडं किती, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. पुढे वर्षभर कागद वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की बाकीच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची मुळं त्या एका न विचारलेल्या प्रश्नात होती. अमेरिकेत नव्याने आलेले, लॉटरीत नाव लागलं म्हणून आनंदात असलेले कितीतरी मराठी आईबाबा मला हे विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

आधी चार्टर शाळा म्हणजे काय ते. ही खासगी शाळा नव्हे. फी नसते, पैसा सरकारी असतो, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी निघते. मात्र गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, हाताखाली ती नसते. तिचं स्वतःचं संचालक मंडळ असतं आणि त्याला ठरावीक वर्षांसाठी शाळा चालवायची लेखी सनद मिळते. चार्टर म्हणजे हीच सनद. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ मध्ये झाला आणि पहिली शाळा १९९२ मध्ये तिथल्याच सेंट पॉल शहरात उघडली. २०२१ च्या शरदात देशभर सुमारे ३७ लाख मुलं चार्टर शाळांत शिकत होती.

महाराष्ट्रात वाढलेल्यांनी अनुदानित शाळा डोळ्यांपुढे आणावी. शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून, शाळा चालवणारी संस्था वेगळी, आणि इमारतीची जुळवाजुळव त्या संस्थेच्या माथी. गावोगावच्या हायस्कुलांत वर्गाच्या दारावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी संगमरवरी पाटी दिसते, ती त्याचमुळे. चार्टर शाळेची अडचण याच जातीची आहे. फक्त इथे देणगीदाराच्या जागी बहुतेकदा घरमालक असतो, नाहीतर कर्ज.

डिस्ट्रिक्टला नवी शाळा बांधायची असली की तो बाँडचा, म्हणजे कर्जरोख्यांचा, प्रस्ताव मतदारांपुढे ठेवतो. गावाने कौल दिला की पैसे उभे राहतात आणि पुढची वीसेक वर्षं ते प्रॉपर्टी टॅक्समधून फिटत राहतात. इमारतीचा हिशेब वेगळा, शिक्षकांच्या पगाराचा वेगळा. चार्टर शाळेला कर लावता येत नाही आणि मतदानही मागता येत नाही. न्यू जर्सीच्या १९९५ च्या मूळ चार्टर कायद्यात तर स्पष्टच लिहिलं होतं की केंद्र सरकारचा निधी सोडला तर सार्वजनिक पैशातून चार्टर शाळेने इमारत बांधायची नाही. भाडं मात्र देता येतं. ते येतं कुठून? मूल राहतं त्या डिस्ट्रिक्टकडून चार्टर शाळेला मुलामागे रक्कम मिळते. कायद्यात ९० टक्के हा आकडा आहे, पण डिस्ट्रिक्टच्या सगळ्याच रकमा त्या हिशेबात धरल्या जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात हाती येतं ते एकूण खर्चाच्या ९० टक्क्यांहून कमी. त्याच पैशातून शिक्षक, त्याच पैशातून पुस्तकं, आणि त्याच पैशातून भाडं.

या अन्यायाविरुद्ध नेवार्कमधल्या चार्टर शाळांतल्या मुलांच्या वतीने दावाही झाला होता. गरीब डिस्ट्रिक्टमधल्या शाळांच्या इमारतींसाठी राज्य खर्च करतं, मग त्याच शहरातल्या आमच्या इमारतींना का नाही, असा सवाल होता. २०१० मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. चार्टर शाळा कुटुंबाने आपखुशीने निवडलेली असते, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. मला तो निकाल अजूनही पटत नाही. निवड आईबाबांनी केली म्हणून आठ वर्षांच्या पोराला पार्किंगमध्ये खेळावं लागावं, हे कुठल्या न्यायात बसतं? पण कायदा सध्या असा आहे आणि पालकांनी तो असाच समजून घ्यायला हवा.

भाड्याचं गणित

आता 'फ्रेंड्स ऑफ' नावाची गोष्ट. शाळेला स्वतः बांधणं अवघड, म्हणून शाळेच्या हितचिंतकांची एक वेगळी ना-नफा संस्था स्थापन होते. 'फ्रेंड्स ऑफ' आणि पुढे शाळेचं नाव. ही संस्था बाँड किंवा कर्ज काढून इमारत विकत घेते, दुरुस्त करते आणि शाळेला भाड्याने देते. शाळेच्या भाड्यातून कर्जाचे हप्ते फिटतात. हे कायदेशीर आहे, राजरोस आहे आणि कित्येक ठिकाणी मनापासून, नीट चाललेलं आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हप्ते जनतेच्या पैशातून फिटतात, आणि कर्ज फिटल्यावर इमारत त्या संस्थेची असते, शाळेची नव्हे. शाळा उद्या बंद पडली तरी इमारत तिचीच. म्हणून संस्थेवर कोण माणसं आहेत, शाळेच्या संचालकांपैकी कुणी तिथेही बसतं का, दोन्हींच्या मधे पैसे घेणारा कुणी विकासक आहे का, हे विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे. अशा संस्थांचा करविषयक फॉर्म ९९० सार्वजनिक असतो, कुणीही वाचू शकतं.

आकडे सोपे करून गणित मांडते. समजा नव्या इमारतीचं वर्षाचं भाडं १२ लाख डॉलर आहे आणि शाळेने ५०० मुलं धरली आहेत. म्हणजे मुलामागे २४०० डॉलर. पण आली ४००, तर मुलामागे ३००० डॉलर. भाडं तर तेवढंच राहतं. या ४०० मुलांच्या शिकण्यासाठीच्या पैशातून जास्तीचे २ लाख ४० हजार डॉलर भाड्याकडे वळतात. तीन शिक्षकांचे पगार धरा. शिवाय भाडं दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढायचं असेल, तर दहाव्या वर्षी ते साधारण १५ लाख ६६ हजारांवर जातं. आणि बऱ्याच करारांत विमा, दुरुस्ती, बर्फ काढणं, छप्पर गळलं तर तेही, सगळं भाडेकरूच्याच अंगावर असतं.

नवी इमारत जवळजवळ नेहमी आहे त्या पटाहून मोठी का घेतात आणि घेतल्यावर शाळा भराभर वर्ग का वाढवते, याचं उत्तर या गणितात आहे. 'एका वर्गात २२ वरून २६ मुलं का केली?' हे कोडं मला वर्षभर उलगडलं नव्हतं. भाड्याचा कागद पाहिला आणि उलगडलं.

आणखी एक विसंगती पाहा. न्यू जर्सीत सनद आधी चार वर्षांची मिळते, मग नूतनीकरण झालं की पाच-पाच वर्षांची. भाडेकरार मात्र वीस किंवा तीस वर्षांचाही असू शकतो. सनद गेली तर करारातून बाहेर पडायची वाट आहे का, ते करारातच लिहिलेलं असतं.

नियम कुठे लागतो, कुठे लागत नाही

"जिम नाही, लायब्ररी नाही, हे कायद्यात बसतं तरी कसं?" आमच्या ग्रुपवर हे दहा वेळा तरी विचारलं गेलं असेल. बसतं. न्यू जर्सीच्या त्याच कायद्यात म्हटलंय की चार्टर शाळेच्या जागेला सार्वजनिक शाळांच्या इमारतींचे नियम लागू नाहीत, अपवाद फक्त विद्यार्थ्यांच्या आरोग्याशी आणि सुरक्षिततेशी संबंधित नियमांचा. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान, पिण्याचं पाणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, अडथळा नसलेली वाट, कुंपण अशी शाळेची यादीच दिलेली आहे. प्रत्यक्षात ती किती पाळली जाते हा वेगळा विषय, पण यादी तरी आहे. इथे चार्टर शाळेपुढे मैदानाची सक्तीच नाही.

वर्गखोलीचंच घ्या. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या बांधकाम संहितेत वर्गात माणशी २० चौरस फूट जागा धरतात. आगीच्या वेळी किती माणसं सुखरूप बाहेर पडू शकतील, याचा तो हिशेब आहे. त्या मापाने २५ मुलं आणि एक शिक्षक यांना ५२० चौरस फुटांची खोली चालते. कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्ट शाळा बांधताना पहिलीपासून पुढच्या वर्गांसाठी ९६० चौरस फूट हे राज्याचं माप आहे, म्हणजे ३० बाय ३२ ची खोली. एक आकडा जीव वाचवण्यापुरता, दुसरा शिकण्यासाठीचा, आणि दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक. आमच्या नव्या शाळेतला तिसरीचा वर्ग मी मधल्या सुट्टीत पावलांनी मोजला. पूर्वीचं कॉन्फरन्स रूम. खिडकी नाही, खाली ऑफिसचं राखाडी कार्पेट, दप्तरं भिंतीला लावल्यावर मागच्या बाकांमधून शिक्षिकेला आडवं होऊन जावं लागायचं. नियमात मात्र सगळं चोख.

जिथे नियम लागतो तिथे मात्र अजिबात ढिले पडू नका. शाळा भरण्याआधी हातात तीन कागद असावे लागतात : शैक्षणिक वापराचं भोगवटा प्रमाणपत्र, स्वच्छता तपासणीचा समाधानकारक अहवाल आणि अग्निसुरक्षेचा दाखला. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेताना 'ओसी आलं का?' म्हणून आपण बिल्डरच्या मागे लागतो, तेच हे प्रमाणपत्र. त्यावर वापर कुठला लिहिलाय ते बघा. ऑफिससाठी दिलेलं प्रमाणपत्र शाळेला चालत नाही. शाळेसाठी बाहेर पडायच्या वाटा, दारं उघडायची दिशा, अलार्म, सगळंच वेगळं लागतं. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू व्हायला आठवडा उरलाय आणि प्रमाणपत्र आलेलं नाही, असं पुष्कळदा होतं. तेव्हा मुलं कुठे बसणार, हे जूनमध्येच विचारून ठेवावं.

इमारतीत आधी काय होतं? माझ्या दृष्टीने हा सगळ्यात गंभीर प्रश्न, आणि न्यू जर्सी हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकली. ग्लॉस्टर काउंटीतल्या फ्रँकलिन टाउनशिपमध्ये एक पाळणाघर होतं. ती इमारत पूर्वी थर्मामीटर बनवणाऱ्या कारखान्याची होती. पारा जमिनीत, भिंतींत मुरलेला होता आणि त्याची वाफ खोल्यांत येत होती. २००६ च्या जुलैत ते बंद झालं. तपासलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांच्या शरीरात पाऱ्याचं प्रमाण वाढलेलं निघालं. रोज सकाळी डबा देऊन, पापी घेऊन आईबाबा त्यांना तिथे सोडत होते. त्यानंतर सहा महिन्यांत, २००७ च्या जानेवारीत राज्याने कायदा केला. कारखाना, गोदाम, ड्राय क्लीनर, पेट्रोल पंप किंवा नेल सलोन असलेली जागा पाळणाघर किंवा शाळा म्हणून वापरायची तर आधी तपासणी होऊन ती मुलांसाठी सुरक्षित असल्याचा दाखला हवा. शाळा जुन्या औद्योगिक भागात जात असेल तर तो दाखला मागून वाचा.

अ‍ॅस्बेस्टॉसचंही तसंच. १९८६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेकडे, चार्टर शाळेकडेही, अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी आणि व्यवस्थापनाची फाइल हवी. जुनी इमारत भाड्याने घेतली तर मुलं आत जायच्या आधी तपासणी व्हायला हवी. पालकाने मागितली की पाच कामकाजाच्या दिवसांत ती फाइल बघायला मिळाली पाहिजे. आमच्या शाळेच्या ऑफिसात मी विचारलं तेव्हा तिथल्या बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. त्या खुर्चीवर बसल्यापासून कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या पाठीची जाड फाइल काढून दिली आणि मी तिथेच बसून वाचली. सगळं ठीक होतं. त्या रात्री शांत झोप लागली.

लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअरला पुरेल असं स्वच्छतागृह, हे १९७३ आणि १९९० च्या केंद्रीय कायद्यांनी बांधलेलं आहे आणि चार्टर शाळेला त्यातून सूट नाही. नकाशात एक बारीक गोष्ट शोधा : ज्यांना स्पीच थेरपी किंवा वेगळी शिकवणी लागते त्या मुलांसाठी छोट्या खोल्या आहेत का? जागा कमी पडली की पहिला बळी याच खोल्यांचा जातो. मग एखादं मूल जिन्याखालच्या कोपऱ्यात टेबल टाकून उच्चारांचा सराव करत असतं आणि वर्गमित्र शेजारून ये-जा करत असतात. ज्याला आधीच बोलायचा संकोच, त्याच्यावर ही वेळ यावी याचं मला फार वाईट वाटतं.

मैदानाबद्दल : पाचवीपर्यंतच्या मुलांना रोज किमान २० मिनिटांची सुट्टी, आणि शक्य असेल तेव्हा ती बाहेर, असा न्यू जर्सीचा डिस्ट्रिक्ट शाळांसाठीचा २०१८ चा कायदा आहे. चार्टर शाळेशी बोलतानाही हा आकडा हाताशी ठेवा. पार्किंगमध्ये खेळवणार असाल तर त्या वेळात गाड्या कुठे, कुंपण कसलं, डांबरावर पडणाऱ्या पोरांसाठी रबराचं आवरण कधी, असे नेमके प्रश्न विचारले की नेमकी उत्तरं येतात. 'फेज २' बद्दल फक्त एकच विचारा : पैसे मंजूर झाले आहेत का?

गाड्यांची रांग

चार्टर शाळेत मुलं लांबून लांबून येतात, त्यामुळे चालत येणारी थोडी. समजा सकाळी एका वेळी ६० गाड्या रांगेत आहेत आणि गाडीमागे २५ फूट जागा. रांग झाली १५०० फुटांची, म्हणजे साधारण साडेचारशे मीटर. शाळेच्या आवारात ती मावली नाही तर हमरस्त्यावर येणार, शेजारी वैतागणार, पोलीस येणार. म्हणून शाळा वेगवेगळ्या वेळी भरवतात, आणि दोन मुलं असलेल्या आईची पळापळ दुप्पट होते. बसचंही बघा. न्यू जर्सीत आठवीपर्यंत घर शाळेपासून २ मैलांच्या पलीकडे आणि नववीपासून अडीच मैलांच्या पलीकडे असेल तर सरकारी प्रवाससोयीचा हक्क येतो. इमारत हलली की अंतर बदलतं. काही घरांना बस नव्याने मिळते, काहींची जाते. आमच्या शेजारच्यांची गेली.

हे सगळं गावच्या प्लॅनिंग किंवा झोनिंग बोर्डापुढे, म्हणजे कुठल्या जागेचा वापर कशासाठी करायचा ते ठरवणाऱ्या मंडळापुढे, सुनावणीत ठरतं. आणि इथे पालकांची एक मोठी चुकामूक होते. सुनावणीची नोटीस जागेपासून २०० फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना जाते. पालक त्यात नसतात. शेजारी तयारीने येतात, वकील आणतात, आणि शाळा पुढे रेटायला तिथे फक्त आर्किटेक्ट असतो. मंजुरीला ज्या अटी लागतात, अमुक इतकीच मुलं, अमुक वेळेतच बाहेर खेळायचं, त्या पालकांच्या गैरहजेरीत ठरून जातात. नकाशे आणि वाहतुकीचा अहवाल सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी बघायला ठेवलेले असतात. तेव्हाच जाऊन पाहा आणि सुनावणीत बोला.

कॅलिफोर्नियात चित्र वेगळं आहे. २००० च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी प्रस्ताव ३९ मंजूर केला. त्यानुसार डिस्ट्रिक्टमधली किमान ८० मुलं असलेल्या चार्टर शाळेने मागणी केली की डिस्ट्रिक्टने आपल्या शाळांच्या तोडीची, फर्निचरसकट जागा द्यायची. ऐकायला छान. प्रत्यक्षात ती दर वर्षी मागावी लागते, आणि पुष्कळदा एकाच आवारात दोन शाळा नांदतात : मैदान एक, जेवणाची जागा एक, वेळापत्रकं दोन. ज्या शाळांत गरीब घरांतली मुलं जास्त आहेत, त्यांना राज्याकडून भाड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत परतावाही मिळू शकतो. बे एरियातल्या माझ्या मावसबहिणीला मी आवर्जून सांगितलं ते मात्र भूकंपाचं. १९३३ च्या लाँग बीचच्या भूकंपात शाळांच्या इमारती धडाधड कोसळल्या. भूकंप संध्याकाळी झाला म्हणून पोरं वर्गात नव्हती. महिन्याभरात फील्ड कायदा आला आणि तेव्हापासून डिस्ट्रिक्ट शाळांचे आराखडे राज्याच्या वास्तुविभागाकडून तपासले जातात. चार्टर शाळा भाड्याच्या खासगी इमारतीत असेल तर तिला स्थानिक बांधकाम संहिता पुरते. इमारत कुठल्या साली बांधली, नंतर भूकंपासाठी मजबूत केली का, हे तिथल्या आईबाबांनी विचारलंच पाहिजे.

विचारायचं कुठे? पेरेंट टीचर संघटनेच्या चहापानात नव्हे. न्यू जर्सीत चार्टर शाळेच्या संचालक मंडळाच्या बैठका खुल्या असतात आणि त्यांची सूचना ४८ तास आधी द्यावी लागते. कॅलिफोर्नियात २०२० पासून असाच नियम आहे, तिथे विषयपत्रिका ७२ तास आधी लागते. भाडेकराराची प्रत सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली लेखी मागता येते. न्यू जर्सीत सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. मी मागितली आणि मिळाली. बेचाळीस पानं. सगळी समजली असं नाही, पण भाड्याचा तक्ता शेवटच्या पानांत असतो आणि तो कुणालाही वाचता येतो.

पुढच्या बैठकीला मी प्रश्न कागदावर लिहून नेला होता, कारण बोलायला तीनच मिनिटं मिळतात आणि इंग्रजीत भावना अनावर झाल्या की माझे शब्द अडखळतात. "भाडं ५०० मुलं धरून ठरलंय. ४५० आली तर पहिली कात्री कशाला लागेल?" खोलीत शांतता पसरली. खजिनदारांनी लॅपटॉप उघडला, जरा वेळ शोधलं आणि सरळ वाचून दाखवलं : चित्रकलेचे शिक्षक, मग दुपारचा जादा अभ्यासवर्ग. लपवाछपवी केली नाही, याबद्दल मी त्यांचे आभार मानले. उत्तर इतिवृत्तात आलं, आणि त्याच बैठकीत मंडळाने पट ४७० च्या खाली गेला तर घरमालकाशी बोलणी करायची, असं ठरवलं.

न्यू जर्सीत १५ ऑक्टोबरला पट मोजला जातो. त्या दिवशी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एकच मेसेज होता : ४८३.